डाव्या पिळाची वात

तांबटांच्या बंद घराच्या खुंटीवरून दोरवाल्यांच्या मुलीने, चिमटीने, किल्ली काढली आणि लगेच बोटं रुमालाला पुसली. किल्ली लोखंडी, वीतभर लांब, आणि तिच्यावरून कोणीतरी तेलाचा हात फिरवलेला होता. रुमालावर पिवळा डाग उमटला. तिने तो नाकाशी नेऊन पाहिला, डाग आत राहील अशी घडी घातली आणि ती देवळाकडे चालू लागली.

तांबटांच्या दाराला कुलूप नव्हतं. बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या, त्यामुळे कुलपाची गरजच उरली नव्हती. उंबऱ्यावर पाखरांनी टाकलेल्या काड्यांचा थर होता आणि त्या थरावर पावलाची एकही खूण नव्हती. चिमटीच्या जन्माआधीपासून त्या घरात कोणी राहत नव्हतं. तरी महिन्यातला एक आठवडा त्यांचा होता.

देवी चार घरांची. सुतार, तांबट, दोरवाले आणि विणकर. एकेका घराकडे एकेक आठवडा. ज्याचा आठवडा संपला त्याने रविवारी संध्याकाळी देऊळ बंद करायचं आणि किल्ली पुढच्याच्या दारातल्या खुंटीला अडकवायची. पुढच्याने ती सोमवारी सकाळी काढून घ्यायची. तांबट गाव सोडून गेले, तेव्हा बाकीच्या तिघांनी त्यांचा आठवडा आपसांत वाटून घेतला नाही. सुतार किल्ली तांबटांच्या खुंटीला लावत राहिले आणि दोरवाले आठवड्याने ती तिथूनच उचलत राहिले. मधले दिवस देऊळ बंद. कोणी परक्याने विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, ‘सध्या तांबटांकडे आहे.’

दोरवाल्यांकडून किल्ली उचलायला आजवर बाबाच यायचे. पण मागच्या अंगणात दोर वळताना पाय घसरून ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी त्यांना खाटेला खिळवून टाकलं. आत्याच्या गुडघ्यांना देवळाच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. उरली चिमटी. लहानपणी मुंगी, बी, काचेचा तुकडा, जे सापडेल ते दोन बोटांच्या चिमटीत धरून डोळ्यांजवळ न्यायची तिला सवय होती. रसायनशास्त्राची मोठी पदवी घेऊन आली तरी घरात नाव तेच राहिलं.

देवळाचं कुलूप उघडलं. दार मात्र जड होतं. खांदा लावून ढकलावं लागलं. बंद खोलीचा कोंदट वास येईल म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. तो तसाच धरून ती दारात उभी राहिली.

आत दिवा जळत होता.

पहिल्यांदा तिच्या मनात तेलाचा विचार आला. एवढ्याशा दिव्यात जेमतेम एका रात्रीपुरतं तेल मावतं. मग हवेचा विचार आला. मग ती विचार बाजूला ठेवून नुसतं बघत राहिली. फरशी झाडलेली होती. कोनाड्यातला कलश, ताम्हण, घंटा लखलखत होती. पितळ असं राहत नाही. काजळी, ओल, हवा यांनी आठवडाभरात ते झाकोळून जातं, आणि ही भांडी तर आत्ता घासून पालथी घातल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवायच्या पाटांपैकी एक पाट काढून मांडलेला होता.

देवीचं तोंड त्या कोपऱ्याकडे होतं. ते कायमच तसं होतं. कमरेएवढा काळा दगड, कपाळासारखा एक उंचवटा, त्याखाली दोन खळगे. आणि तो दगड दाराकडे न बघता बाजूच्या कोपऱ्याकडे बघत बसलेला. गावात कोणी रुसून बसलं की लोक म्हणत, ‘अगदी आपल्या देवीसारखी बसली आहे.’ दर्शनाला येणाऱ्याला देवीचा गालच दिसे. कोपऱ्यात पाटावर बसून वाती वळणाऱ्याला मात्र ती समोरून दिसे. चिमटीला हे आजपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

ती दिव्यापाशी वाकली. वातीचं शेपूट तेलात पडलेलं होतं. बारीक, तारेसारखं ताणलेलं, उजव्या पिळाचं.

·

घरी तिने चपला काढायच्या आत बाबांनी विचारलं,

"दिवा होता?"

कसं सांगावं याची तिने वाटेत जुळवाजुळव केली होती. ती वायाच गेली.

"होता."

"वात कोणाची?"

"कोणाची म्हणजे?"

"पीळ बघितलास का? डावा की उजवा?"

"उजवा. तारेसारखी होती."

बाबांनी उचललेली मान उशीवर टेकवली. "मग ठीक आहे."

"बाबा, देऊळ आठवडाभर बंद होतं."

"हो."

"मग दिवा कोणी लावला?"

"त्यांचा आठवडा होता ना," बाबा म्हणाले. सोमवारनंतर मंगळवार येतो हे सांगावं, तशा आवाजात.

आत्या चहा घेऊन आली. ती बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच परत आली होती आणि तेव्हापासून घर तिच्या जिभेवर चालत होतं. "झाली का सुरू हिची तपासणी?" ती म्हणाली. "देवीला काचेच्या नळीत घालू नकोस म्हणजे मिळवली."

"आत्या, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असायचंय? मी कधी उघडलं का दार? मला एवढं ठाऊक आहे, की तुझा बाप त्या सोमवारी देवळातून आला की पहिला घोट घेईपर्यंत बोलत नाही."

"आणि बाहेर बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "सुतारांना दिसत नाही, विणकरांना दिसत नाही. तांबटांच्या मागून आपण उघडतो, म्हणून आपल्यालाच दिसतं. आजोबांनी मला एवढंच सांगितलं होतं. दिवा बघ, पीळ बघ, घरी ये."

"पीळ कशाला?"

बाबांनी डोळे मिटले. दुखत असलं की ते तसं करत. दुखत नसतानाही.

त्या आठवड्यात चिमटी रोज सकाळी देवळाच्या कोपऱ्यात पाटावर बसून वाती वळायला शिकली. दोरवाल्यांची वात डाव्या पिळाची. धंद्यातला दोर उजव्या पिळाचा, देवीचा डाव्या. दोन्ही हातांना वेगळी वळणं असली की देवीचं काम करताना हात धंद्याच्या नादात राहत नाही, असं बाबांचं म्हणणं. चिमटीला ते पटलं नाही, पण आवडलं. पीळ तिला साधला. शेवट साधेना. टोकाशी आलं की अंगठा आपोआप दाबला जाई आणि तिथे कापसाची एक गाठ राही, मुंगळ्याच्या डोक्याएवढी.

"ही वात आहे की मुंगळा?" नमुना बघून आत्याने विचारलं.

"शेवट कसा मिटवायचा, बाबा?"

"बोटांना कळतं ते. मला कोणी दाखवलं नव्हतं."

"तोवर देवीला मुंगळे चालतील ना?"

"तिला सगळं चालतं," बाबा म्हणाले. "करत राहा. वेळ आहे."

वेळ किती आहे हे चिमटीला माहीत नव्हतं. दूर देशातल्या एका प्रयोगशाळेने तिची मुलाखत घेतली होती. धातूंवर हवेचा परिणाम कसा होतो यावरचं काम, तिला हवं होतं अगदी तेच. होकार आला तर जावं लागणार होतं, आणि गेली तर दोरवाल्यांच्या आठवड्याला माणूस उरणार नव्हतं. बाबा पुन्हा पायऱ्या चढतील असं डॉक्टर म्हणत नव्हते. भाऊ नाही, चुलते नाहीत. ती गेल्यावर पंधरा दिवस सलग देऊळ बंद राहणार, एवढं साधं गणित होतं. मुलाखतीबद्दल घरात तिने सांगितलं होतं; होकाराची शक्यता किती आहे हे सांगितलं नव्हतं. बाबांनीही विचारलं नव्हतं.

·

विणकरांचा आठवडा गेला, सुतारांचा आला. त्यांच्या रविवारी संध्याकाळी चिमटी देवळात गेली. सुतारकाका चिंधीने उंबरा पुसत होते.

"या शास्त्रज्ञबाई. दर्शनाला की चौकशीला?"

"काका, या कुलपाला दुसरी किल्ली आहे का हो?"

"अगं, या कुलपाला पहिलीच धड लागत नाही." ते हसले. मग तिच्या हातातली पितळेची छोटी पट्टी त्यांना दिसली. "हे काय?"

"एक प्रयोग आहे. आठवडाभर आत ठेवू?"

काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. पट्टी तिने सकाळीच घासली होती. तिच्यात त्यांचा मिशीवाला ओठ दिसत होता. "ठेव. कोनाड्यात नको, भांड्यांपासून लांब ठेव. त्यांच्या भांड्यांत मिसळायला नको."

"त्यांच्या म्हणजे?"

काकांनी चिंधी पिळली, झटकली, दांडीवर टाकली.

"तुम्ही त्यांच्या आठवड्यात कधी इकडे येता का?"

"या गल्लीनंसुद्धा येत नाही. वळसा घालून जातो."

"का?"

"शेजारच्या घरात कोणी कामाला लागलेलं असलं की कसं कळतं? काही ऐकू येत नाही, पण कळतं. तसं." त्यांनी दिवा विझवला, वात दोन बोटांनी काढून बाजूला टाकली. "आणि मला दुसऱ्याच्या कामात डोकावायची सवय नाही बाबा. तुला असेल, तर तुझ्या पिढीचं तू बघ."

दार ओढून त्यांनी कुलूप लावलं. ते किल्ली घेऊन तांबटांच्या घराकडे गेले, तशी चिमटीने आपल्या डोक्यावरचा एक केस उपटला आणि दाराची फळी व चौकट यांच्यामध्ये डिंकाच्या दोन थेंबांनी ताणून चिकटवला.

·

"तांबट सगळे गेले का गं?" दुसऱ्या दिवशी तिने आत्याला विचारलं. आत्या अंगणात बसून उशीचे अभ्रे शिवत होती.

"गेले कशाला? शुभ बोल. म्हातारे गेले. धाकटी आहे ना चांगली धडधाकट. माझ्या वर्गात होती. मोठ्या शहरात असते, काचेच्या इमारतीत, संगणकासमोर. नखं रंगवलेली."

"तू भेटलीस?"

"आली होती एकदा. घर विकायचं म्हणून आली, आणि न विकता गेली." आत्याने दोरा दातांनी तोडला. "इथंच बसली होती, तू बसली आहेस तिथं. मला म्हणाली, अंगठा बघ. बघते तर काळा. नखाच्या कडेनं, चिरांमधून, पार मुरलेला. तिच्या आईचा असायचा ना, भांडी घासून घासून, अगदी तसा. म्हणाली, साबणानं जात नाही. महिन्यातला एक आठवडा असतो, मग आपोआप जातो. मनगटं दुखतात म्हणाली."

चिमटी जवळ सरकली.

"मग हळूच विचारते, आमच्या आठवड्यात भांडी कोण घासतं गं? मी म्हटलं, कोणी नाही घासत, बंद असतं. तर हसायला लागली. इतकी हसली की मीपण हसले. मग बघते तर रडत होती."

"तांब्याची संयुगं असतात काळी," चिमटी म्हणाली. "कदाचित ती जुने दागिने घासत असेल. किंवा त्वचेचा काही त्रास असेल."

"असेल बाई," आत्या म्हणाली. "सुईत दोरा ओवून दे."

गुरुवारी फोन आला. चिमटी मागच्या अंगणात दोर वळायच्या चाकापाशी गेली, कारण तिथून घरात ऐकू जात नसे. पलीकडची बाई अभिनंदन म्हणाली, कधी रुजू होता येईल ते विचारलं. चाकाच्या आकड्याला बाबांचा अर्धवट वळलेला दोर तसाच लटकत होता. ते पडले त्या दिवसापासून कोणी त्याला हात लावला नव्हता. बोलता बोलता चिमटीच्या बोटांनी त्याचं सुटं टोक धरलं होतं. ती "हो" म्हणाली. मग नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा "हो, नक्की" म्हणाली.

रात्री जेवताना सांगू असं तिने ठरवलं. जेवताना बाबांचं खुब्याचं दुखणं वाढलं आणि ते राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी उठली तेव्हा तिचा उजवा अंगठा ठणकत होता. शनिवारी आत्याने उशीचा नवा अभ्रा तिच्यासमोर धरला.

"तेल लावून झोपतेस का हल्ली? बघ हा डाग. कालच शिवला होता."

"नाही गं."

"मग हे काय उशीनं लावलं?"

रविवारी सकाळी तिच्या नखात कापसाचा तंतू अडकलेला होता. तिने तो काढून बोटांत धरला, उजेडाकडे नेला आणि बराच वेळ बघितला. वाती वळून तिला तीन आठवडे झाले होते. उशीत कापूस असतो, असं ती स्वतःशीच म्हणाली. तंतूला तेल होतं.

·

सोमवारी किल्ली खुंटीवर होती, पुसलेली, तेलाचा हात फिरवलेली. देवळाच्या दाराशी ती खाली बसली आणि तिने केस तपासला. होता तसाच होता, ताणलेला, दोन्ही थेंब शाबूत. तिने तो नखाने तोडला. तुटताना आवाज झाला नाही, तरी तिने दचकून मागे पाहिलं. गल्ली रिकामी होती.

आत दिवा होता. तो असणार हे ती धरूनच चालली होती. तिची पट्टी जिथे ठेवली होती तिथेच होती, तपकिरी, निस्तेज. पितळेने व्हावं तसं तिचं झालं होतं. कोनाड्यातला कलश मात्र तिच्याकडे आरशासारखा बघत होता. तिला हवेचा, धातूचा काही दोष काढता येईना. हवेने आपलं काम केलं होतं. भांड्यांवर कोणीतरी आपलं केलं होतं.

मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. पाट दोन होते.

शेजारी शेजारी मांडलेले, मध्ये वीतभर अंतर. दोन बायका काम करताना हात लागू नयेत म्हणून ठेवतात तेवढं. एक पाट भिंतीकडे सरकवलेला, आधीपासूनच्या माणसाने नव्याला जागा करून द्यावी तसा. देवीचे दोन खळगे त्या दोन्ही पाटांकडे लागलेले होते.

दिव्याला ज्योती दोन होत्या.

चिमटी वाकली. एका वातीचं शेपूट बारीक, तारेसारखं, उजव्या पिळाचं. दुसरं डाव्या. तिला वाटलं, बाबा गेले. सकाळी निघताना ते झोपले होते. ती उठून पळायच्या बेतात होती, पण जुनी सवय आड आली. तिने दोन बोटांच्या चिमटीत ते शेपूट धरून तेलातून वर उचललं.

टोकाला कापसाची गाठ होती. मुंगळ्याच्या डोक्याएवढी.

तिने ते हळूच पुन्हा तेलात सोडलं. मग दिव्यात तेल घातलं, फरशीवर झाडू फिरवला, जरी तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं, आणि दोन्ही पाट उचलून भिंतीला लावले. दुसरा पाट उचलताना तो उबदार आहे का, हे तिने तळहात ठेवून पाहिलं नाही.

·

बाबा जागे होते. आत्याने त्यांच्या पाठीशी उशी दिली होती आणि चहाचा कप हातात. त्यांनी तो प्यायला नव्हता.

"दिवा होता?"

"होता."

"वात कोणाची?"

चिमटी खाटेच्या कडेला बसली. "दोन होत्या."

दारात आत्या उभी होती, ती तशीच थांबली. बाबांनी कप खाली ठेवला.

"एक त्यांची," ती म्हणाली. "एक डाव्या पिळाची."

बाबांनी आपले हात पांघरुणावर पसरले आणि पाहिले. दोर वळून वळून घट्टे पडलेले, कोरडे हात. पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. असलीच तर थोडी आशा होती.

"माझी?" त्यांनी विचारलं.

"नाही. टोकाला जाड होती."

बाहेर विणकरांच्या घरात माग सुरू झाला, त्याचा ठोका ऐकू येऊ लागला. आत्याने पदराने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"कधी निघायचंय तुला?" बाबांनी विचारलं.

"मी अजून जाणार नाही असं कळवू शकते, बाबा. आज कळवते."

"कळवून बघ." ते तिच्या अंगठ्याकडे बघत होते. "तांबटांच्या धाकटीनंही कळवलं असेल, तरी तिचा आठवडा सुटला नाही. आपल्या आजोबांनी काय बघायला सांगितलं होतं, ते मला आत्ता कळतंय. मला वाटायचं, मेल्यावर आपली वात तिथं दिसते. म्हणून मी दर खेपेला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तर मेल्यावर नाही, गाव सोडणाऱ्याची दिसते. म्हणजे माझी दिसायची नाही."

"अरे, काय बोलतोस सकाळी सकाळी," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा चटका नव्हता.

"जा तू," बाबा चिमटीला म्हणाले. "पगार चांगला असेल. काम तुझ्या आवडीचं आहे. फक्त त्या आठवड्यात उशीला जुना अभ्रा घालत जा."

मग त्यांनी आत्याकडे हात केला. "ताई, कापसाची परडी दे गं."

आत्याने परडी आणून खाटेवर ठेवली. बाबा कष्टाने थोडे उठून बसले, दात आवळून. चिमटीने त्यांना धरायला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला, आणि मग तोच हात हातात घेतला. कापसाचा एक पेळू तिच्या बोटांत दिला, आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवली. त्यांनी तिला असं कधी शिकवलं नव्हतं.

"शेवट कसा मिटवायचा ते बघ," ते म्हणाले. "तिथं कोणी दाखवणार नाही."